एकोणपन्नास प्रवाशांचा रेल्वेमार्ग

2009 या आर्थिक वर्षात जपानच्या तादामी मार्गावरच्या एका तुकड्यातून रेल्वे कंपनीला 50 लाख येन मिळाले आणि तो तुकडा चालवायला 33 कोटी 50 लाख येन लागले. एक येन कमवायचा तर सदुसष्ट येन घालवायचे, असा हा धंदा. दोनच वर्षांनी पुराने त्या तुकड्यावरचे पूल वाहून नेले. एखाद्या हिशेबनिसाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, बरं झालं, नदीनेच सुटका केली. पण 1 ऑक्टोबर 2022 रोजी, अकरा वर्षांच्या खंडानंतर, त्याच रुळांवरून पुन्हा गाडी धावली. दुरुस्तीला सुमारे 900 कोटी येन लागले. हा पैसा कुणी दिला, का दिला आणि आता ही गाडी नक्की कुणाची, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी मार्गाची ओळख करून घेऊ. फुकुशिमा प्रांताच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाला आइझु म्हणतात. तिथलं आइझु-वाकामात्सु हे जुनं किल्ल्याचं शहर. तिथून निघून नीगाता प्रांतातल्या कोइदेपर्यंत जाणारा हा 135.2 किलोमीटरचा एकेरी मार्ग आहे. विजेच्या तारा नाहीत, सगळा कारभार डिझेलवर. रुळांमधलं अंतर 1067 मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा जेमतेम बोटभर जास्त. शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन सोडली, तर जपानमधलं बहुतेक रेल्वेचं जाळं याच मापाचं आहे. गाडी म्हणजे एक किंवा दोन डबे. इंजिन वेगळं नसतं, डब्याच्या पोटातच असतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. आणि हा वेळ वाढतो तो काही गाडी रखडल्यामुळे नाही, वळणं आणि चढच तसे आहेत.

वाकामात्सु सोडल्यावर गाडी भातखाचरांच्या सपाटीवरून मोठा वळसा घेत आइझु-बांगेला पोचते. तिथे सपाटी संपते. पुढे चढ, झाडी, आणि मग तादामी नदीची घळ. यापुढचा प्रवास नदीला धरूनच होतो, आणि नदी वळली की रूळ तिला ओलांडतात. या पुलांना नावं दिलेली नाहीत, नुसते क्रमांक: पहिला तादामी नदी पूल, दुसरा, तिसरा, असे आठव्यापर्यंत. पहिला पूल मिशिमा गावाच्या हद्दीत आहे. तो पोलादी कमानीचा. समोरच्या टेकडीवर फोटो काढणाऱ्यांसाठी पायवाट केलेली आहे आणि गाडी यायच्या आधी तिथे तिकाटण्यांची रांग लागते. यातल्या अनेकांनी या गाडीचं तिकीट कधी काढलेलं नसतं. पुढे हिशेबात हे लोक पुन्हा येतील.

हा मार्ग एका दमात बांधला गेला नाही. वाकामात्सुकडून रूळ 1926 मध्ये बांगेपर्यंत आले, 1928 मध्ये यानाइझुपर्यंत, 1941 मध्ये मियाशितापर्यंत आणि 1956 मध्ये कावागुचीपर्यंत. पलीकडून, म्हणजे कोइदेकडून, 1942 मध्ये ओशिराकावापर्यंत मार्ग झाला. मधल्या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे. तादामी नदीवर वीज निर्माण करण्यासाठी 1950 च्या दशकात मोठी धरणं बांधायला घेतली होती. तागोकुरा हे त्यांतलं एक. धरणासाठी सिमेंटचे ढीग डोंगरात न्यायचे होते. म्हणून वीज विकास कंपनीने कावागुची ते तादामी गाव आणि पुढे धरणाच्या पायथ्यापर्यंत स्वतःच रूळ टाकले. धरण उभं राहिलं, सिमेंटची गरज संपली, आणि 1963 मध्ये हा तुकडा राष्ट्रीय रेल्वेत घेऊन त्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. राहिलेली फट 1971 मध्ये रोकुजुरिगोए बोगद्याने भरली. त्याची लांबी 6359 मीटर. म्हणजे आपण ज्या तोट्याच्या तुकड्याबद्दल बोलतो आहोत, तो कावागुची ते तादामी हा भाग मुळात माणसांसाठी बांधलेलाच नव्हता. हे लक्षात ठेवलं, की पुढच्या आकड्यांचं आश्चर्य वाटत नाही.

आता आकडा. जपानमध्ये एखादा मार्ग जगवावा की नाही याची चर्चा ज्या मापावरून सुरू होते, त्याला वाहतूक घनता म्हणू. ती काढण्याची रीत सोपी आहे. दिवसभरात प्रत्येक प्रवाशाने किती किलोमीटर प्रवास केला, ते सगळं एकत्र मिळवायचं आणि मार्गाच्या लांबीने भागायचं. येणारे आणि जाणारे दोन्ही धरायचे. मार्ग दहा किलोमीटरचा असेल आणि एक माणूस फक्त पाच किलोमीटर गेला, तर तो अर्धाच मोजला जातो. शाळेची मुलगी सकाळी पूर्ण अंतर गेली आणि संध्याकाळी परत आली, तर ती एकटी दोन मोजली जाते. वर्षाची सरासरी घेतली की निघतो तो त्या मार्गाचा आकडा.

पुराच्या आधी, 2010 च्या वर्षी, कावागुची ते तादामी या 27.6 किलोमीटरच्या तुकड्याचा आकडा होता 49. तेव्हा तिथे दिवसाला तीन गाड्या जायच्या आणि तीन यायच्या. सहा गाड्यांत 49 वाटले, तर एका गाडीत सरासरी आठ माणसं. टोकियोत दाराशी दाटीवाटीने उभे राहणारेच याहून जास्त असतात. पण सरासरी लबाड असते, हेही खरं. सकाळच्या गाडीत कावागुचीच्या शाळेत जाणारी मुलं असणार आणि दुपारच्या गाडीत एखादी आजी दवाखान्याहून परतत असणार. 49 या आकड्यातून गर्दी कधी होती ते कळत नाही, आणि ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही ते त्यात किती, तेही कळत नाही.

हे माप लोकांच्या तोंडी आलं 1980 च्या कायद्यामुळे. तेव्हा राष्ट्रीय रेल्वे कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. कायद्याने ठरवलं, की घनता 4000 च्या खाली असेल तो स्थानिक मार्ग रेल्वेने सोडून द्यायचा. तिथे बस चालवा किंवा स्थानिकांनी कंपनी काढून तो घ्यावा. अशा 83 मार्गांची यादी झाली. त्यांतल्या 45 मार्गांच्या नशिबी बस आली, 38 मार्ग कुणी ना कुणी रेल्वे म्हणूनच चालू ठेवले. तादामीचा आकडा 4000 च्या आसपासही नव्हता. मग तो यादीतून सुटला कसा?

कायद्यात काही अपवाद होते. त्यातला एक असा: समांतर रस्ता बर्फामुळे वर्षातून दहा दिवसांपेक्षा जास्त बंद राहत असेल, तर मार्ग काढायचा नाही. बसच चालू शकणार नसेल, तर तिच्यात बसवणार कुणाला? तादामी आणि नीगाता यांच्यामध्ये 252 क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग आहे. तो रोकुजुरिगोए घाटातून जातो आणि हिवाळ्यात दहा दिवस कसला, कित्येक महिने बंद असतो. बोगद्यातून जाणारी गाडी तेवढी उरते. ज्या बर्फामुळे हा मार्ग चालवणं महाग पडतं, त्याच बर्फाने त्याला जीवदान दिलं. 1 एप्रिल 1987 रोजी राष्ट्रीय रेल्वेचं विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी झाली, तेव्हा तादामी मार्ग जेआर ईस्टच्या पदरात पडला. टोकियोच्या भरगच्च लोकल आणि शिंकान्सेन यांच्या नफ्यातून अशा मार्गांचा तोटा भरून निघायचा, ही तेव्हाची न बोललेली व्यवस्था होती.

2011 च्या जुलैअखेर नीगाता आणि फुकुशिमाच्या डोंगरात प्रचंड पाऊस कोसळला. मार्चमधल्या भूकंपाला आणि अणुभट्टीच्या अपघाताला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. तादामी नदीला पूर आला. पाचव्या पुलाचा काही भाग गेला, सहावा आणि सातवा पूल वाहून गेले, आठव्यालाही इजा झाली. बाकीचा मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. नीगाताकडचा तादामीपर्यंतचा भाग 2012 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा चालू झाला. कावागुची ते तादामी मात्र तसंच पडून राहिलं. रुळांवर गवत उगवलं आणि प्रवाशांना बस मिळाली.

इथे जेआर ईस्टची बाजू समजून घ्यायला हवी. कंपनीचं म्हणणं होतं, की बस नीट चालते आहे, गरज भागते आहे, आणि एका गाडीत आठ माणसांसाठी पूल पुन्हा बांधणं परवडत नाही. हे म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय तेव्हाचा कायदाही आडवा येत होता. आपत्तीत मोडलेल्या रेल्वेला सरकार मदत द्यायचं, पण कंपनी तोट्यात असेल तरच. जेआर ईस्ट ही देशातल्या सर्वांत श्रीमंत रेल्वे कंपन्यांपैकी एक. तिला सरकारने पैसे का द्यावेत? त्यामुळे अजब पेच झाला. मार्ग तोट्यात, कंपनी नफ्यात, आणि म्हणून मदत शून्य.

फुकुशिमा प्रांताने आणि आइझुतल्या गावांनी हट्ट सोडला नाही. 2017 च्या जूनमध्ये प्रांत आणि कंपनी यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कामाला सुरुवात झाली. 2018 मध्येच संसदेने तो कायदा बदलला: कंपनी नफ्यात असली तरी मोडलेला मार्ग तोट्याचा असेल, तर केंद्र मदत देऊ शकेल. त्यामुळे दुरुस्तीच्या खर्चाचे सरळ तीन हिस्से झाले. एक केंद्राचा, एक जेआर ईस्टचा, एक प्रांत आणि स्थानिक गावांचा.

पुलांच्या कामात एक बारकावा बघण्यासारखा आहे. वाहून गेलेल्या सहाव्या आणि सातव्या पुलात पोलादाचा सांगाडा रुळांच्या खाली होता. गाडी जणू सांगाड्याच्या डोक्यावरून जायची. अशा पुलावरून बाहेरचं दृश्य मोकळं दिसतं, पण सांगाडा खाली असल्यामुळे पाणी चढलं, की तो आधी पाण्याला अडतो. वाहत आलेली झाडं त्यात अडकतात, दाब वाढतो आणि पूल जातो. नवे पूल बांधताना सांगाडा वर घेतला. आता गाडी दोन्ही बाजूंच्या पोलादी तिरक्या पट्ट्यांच्या मधून जाते, आणि रुळांखाली पाण्याला जास्त वाट मिळते. रूळ त्याच उंचीला ठेवायचे आणि पाण्याला जागा वाढवायची, तर यापेक्षा सरळ उपाय नाही. बोगदे आणि जुने चढ जिथे आहेत तिथेच होते, त्यामुळे रूळ उचलायला फारसा वाव नव्हता.

करारातला खरा मुद्दा पुलांच्या पुढचा होता. गाडी सुरू झाल्यावर दरवर्षीचा खर्च कोण करणार?

जपानच्या रेल्वे व्यवसाय कायद्यात रेल्वेवाल्यांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग: रूळ स्वतःचे, गाडी स्वतःची. दुसरा वर्ग: रूळ दुसऱ्याचे, त्यावर गाडी आपली. तिसरा वर्ग: रूळ आपले, गाडी दुसऱ्याची. पुराच्या आधी जेआर ईस्ट सगळ्या तादामी मार्गावर पहिल्या वर्गात होती. करारानुसार कावागुची ते तादामी या तुकड्यातली जमीन, रूळ, पूल, बोगदे आणि स्थानकांच्या इमारती कंपनीने प्रांताला फुकट दिल्या. त्या तुकड्यात फुकुशिमा प्रांत झाला तिसऱ्या वर्गाचा रेल्वेवाला आणि जेआर ईस्ट दुसऱ्या वर्गाची. प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. तिकीट तेच, डबा तोच, चालकाचा गणवेश तोच. कावागुचीच्या फलाटावरून गाडी सुटते तेव्हा ती एका कंपनीच्या जमिनीवरून प्रांत सरकारच्या जमिनीवर जाते, इतकंच.

विदर्भातल्या वाचकाला ही वाटणी ओळखीची वाटेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर शकुंतला गाडी धावायची, तेव्हा रूळ एका जुन्या खासगी कंपनीचे होते आणि गाडी रेल्वेची. फरक हेतूचा आहे. तिथे रुळांचा मालक कमाईसाठी मालक झाला होता, तादामीत तो तोटा सोसण्यासाठी झाला.

कसा, ते पाहू. गाडीचं इंधन, डबे, चालकाचा पगार हा वरचा खर्च जेआर ईस्टचा. रूळ बदलणं, पुलांची तपासणी, दरडी, गवत हा खालचा खर्च प्रांताचा. प्रत्यक्ष देखभाल प्रांत जेआर ईस्टकडूनच करून घेतो, कारण रूळ सांभाळणारी माणसं प्रांत सरकारच्या कचेरीत कुठून असणार? रूळ वापरायचं भाडं कंपनीने प्रांताला द्यायचं, पण ते इतकंच घ्यायचं, की कंपनीला या तुकड्यात तोटा होणार नाही. उत्पन्न घटलं, तर भाडं कमी. करार झाला तेव्हा खालच्या खर्चाचा अंदाज वर्षाला सुमारे 21 कोटी येन होता. त्यातला सत्तर टक्के प्रांताने आणि तीस टक्के आइझुतल्या गावांनी वाटून घ्यायचा असं ठरलं.

म्हणजे तोटा गेला नाही. तो कंपनीच्या खिशातून करदात्याच्या खिशात आला. माझ्या मते, या साऱ्या व्यवस्थेचं मर्म इथेच आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कंपनीच्या हिशेबात फक्त तिकिटाचे पैसे येतात. प्रांताच्या हिशेबात टेकडीवरचा तो तिकाटणीवाला येतो, कारण तो रात्री कुठेतरी मुक्काम करतो, जेवतो, यानाइझुच्या देवळाजवळ खरेदी करतो. मूल शाळेसाठी गाव सोडत नाही, याची किंमतही प्रांताच्याच वहीत लिहिता येते. मार्ग तोच, प्रवासी तेवढेच. पण वही बदलली, की बेरीज बदलते. ती 21 कोटींपेक्षा जास्त भरते का, यावर वाद घालता येईल. पण वाद घालायला योग्य माणसं आता टेबलाशी आहेत, आणि माझ्या मते हा जुन्या व्यवस्थेपेक्षा चांगला बदल आहे. कंपनीने मात्र सौदा हुशारीने केला, यात शंका नाही. तिला तोट्याची भीती उरली नाही आणि पुढच्या पुराची तर मुळीच नाही.

आता गाडी चालते कशी, ते बघू. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांना क्रॉसिंगसाठी स्थानकात दुहेरी रूळ लागतात. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला क्रॉसिंगला थांबणं म्हणजे काय, हे सांगायला नको. कावागुची आणि तादामी यांच्यामध्ये तशी एकही जागा नाही. म्हणून त्या 27.6 किलोमीटरमध्ये एका वेळी एकच गाडी असते. तिने तुकडा पार करून दुसऱ्या टोकाचं स्थानक गाठल्याशिवाय समोरची निघू शकत नाही. पुन्हा सुरू झाल्यावरही फेऱ्या तीनच राहिल्या. मधली स्थानकं म्हणजे बहुतेक ठिकाणी एक फलाट आणि एक आडोसा. होन्ना स्थानकानंतरचा सहावा पूल तिथल्या धरणाच्या भिंतीला अगदी खेटून जातो. आइझु-ओशिओला उतरलात तर गावात एक विहीर आहे. तिचं पाणी जमिनीतूनच सोड्यासारखं फसफसत येतं आणि कुणीही बाटली भरून नेतो.

हिवाळा आला की हा सगळा हिशेब बर्फाच्या हाती जातो. तादामी हा जपानमधल्या सर्वाधिक बर्फाच्या भागांपैकी एक. रुळांवरून फिरत्या पात्यांचं यंत्र चालवून बर्फ बाजूला फेकावा लागतो. तो एकदा काढून भागत नाही, पडत राहील तोवर काढतच राहावं लागतं. शिवाय दरीच्या बाजूने बर्फाचे कडे कोसळण्याची भीती. तादामी आणि ओशिराकावा यांच्यामध्ये आता 20.8 किलोमीटर एकही स्थानक नाही; तागोकुरा स्थानक 2013 मध्ये बंद झालं. या भागात फार बर्फ साचला, की गाड्या दिवसेंदिवस बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे ज्या कारणासाठी 1980 मध्ये हा मार्ग वाचवला, त्या कारणाच्या भर दिवसांत तो कधी कधी चालतच नाही. ही टीका अनेकांनी केली आहे आणि ती खोडून काढणं सोपं नाही.

शरद ऋतूत याच्या उलट. पानं लाल-पिवळी झाली, की दोन डब्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि सकाळच्या गाडीत उभं राहिलेल्या पर्यटकांमधून वाट काढत गावातली माणसं दाराशी येतात. तीन फेऱ्यांच्या वेळापत्रकात एकाएकी आलेली गर्दी मुरवायला जागा नाही. गाड्या वाढवायच्या तर क्रॉसिंग नाही. जो मार्ग माणसांच्या अभावी मरत होता, त्याला आता वर्षातले काही आठवडे माणसं जास्त होतात.

बाकी देशात हा प्रश्न सुटलेला नाही. 2022 च्या जुलैमध्ये जेआर ईस्टने घनता 2000 च्या खाली असलेल्या आपल्या 35 मार्गांवरच्या 66 तुकड्यांचा तोटा पहिल्यांदाच जाहीर केला. 2023 च्या ऑक्टोबरपासून नवा कायदा लागू झाला. त्यानुसार कंपनीने किंवा स्थानिक सरकारने मागणी केली, तर केंद्र सरकार सगळ्यांना एकत्र बसवून मार्गाचं काय करायचं ते ठरवायला लावू शकतं. पश्चिमेकडच्या गेइबी मार्गासाठी अशी पहिली बैठक 2024 च्या मार्चमध्ये झाली.

तादामीपासून उत्तरेला यामागाता आणि नीगाता यांना जोडणारा योनेसाका मार्ग आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये, तादामी पुन्हा सुरू व्हायला दोन महिने राहिले असताना, अतिवृष्टीने तो मोडला. इमाइझुमी ते साकामाची हा 67.7 किलोमीटरचा भाग बंद पडला. जेआर ईस्टने दुरुस्तीचा अंदाज 860 कोटी येनचा दिला, म्हणजे तादामीच्या जवळपास. कंपनीने स्थानिकांपुढे चार पर्याय ठेवले: कंपनीने पूर्वीसारखं चालवणं, तादामीसारखी वरखाली वाटणी, स्थानिक कंपनीकडे सोपवणं, किंवा बस. पहिल्या पर्यायाला कंपनीची तयारी दिसत नाही. तादामीत एका प्रांताला 27.6 किलोमीटर सांभाळायचे होते. योनेसाकात दोन प्रांतांना मिळून त्याच्या अडीचपट अंतर सांभाळावं लागेल, आणि खालच्या खर्चातला कुणाचा वाटा किती, हे आधी ठरवावं लागेल.